रोगाची नोंद आणि ‘मुळे’ हा शब्द

रोग ओळखणे हे वैद्याचे काम आणि त्याची नोंद ठेवणे हे कारकुनाचे, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. वस्तुतः रोग्याची नाडी पाहणारा हात आणि कागदावर निदान लिहिणारा हात हे एकाच माणसाचे असतात. पण पहिल्या कामाला जो मान मिळतो तो दुसऱ्याला मिळत नाही. रोगी घरी जातो, डॉक्टरांची बदली होते, स्मरण पुसट होते. मागे उरतो तो कागद. पुढचा डॉक्टर त्या कागदावरून औषध ठरवितो, विमा कंपनी त्यावरून पैसे देते किंवा नाकारते, आणि सरकार तसल्याच लक्षावधी कागदांवरून देशाच्या आरोग्याचा अंदाज बांधते. म्हणून नोंद हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

हे विधान पटण्यासाठी ज्वर किंवा खोकला यांसारखे सोपे उदाहरण उपयोगी नाही. जेथे निदानच अवघड, तेथे नोंदीची खरी परीक्षा होते. सारकॉइडोसिस हा असा एक रोग आहे. तो मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंना ग्रासतो तेव्हा त्याची नोंद कशी करावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी फारच तांत्रिक वाटेल. परंतु दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशात या प्रश्नावर एखाद्या रोग्याची दृष्टीही अवलंबून राहू शकते.

प्रथम या रोगाची ओळख करून घेऊ. लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी हातापायांवर जांभळट चट्टे उठलेल्या एका रोग्याचे वर्णन १८७७ मध्ये केले. पुढे १८९९ मध्ये नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांनी अशाच एका रोग्याच्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यातील गाठी सार्कोमा नावाच्या मांसार्बुदासारख्या दिसत होत्या, पण तशा घातक नव्हत्या. म्हणून त्यांनी त्यांना ‘सार्कॉइड’, म्हणजे सार्कोमासारख्या, असे म्हटले. रोगाचे नाव त्यावरून रूढ झाले. आज हे ज्ञात आहे की हा केवळ त्वचेचा रोग नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा काही अज्ञात कारणाने खवळते आणि फुप्फुसे, छातीतील लसीकाग्रंथी, डोळे, यकृत, हृदय अशा निरनिराळ्या ठिकाणी पेशींच्या सूक्ष्म गाठी बांधते. फुप्फुसे व लसीकाग्रंथी हे त्याचे नेहमीचे स्थान. मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम झाल्याचे दर शंभर रोग्यांपैकी पाच ते दहांत आढळते.

मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या थेट निघतात. वास, दृष्टी, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना व हालचाल, ऐकणे, गिळणे, बोलणे ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. मज्जासंस्थेचा सारकॉइडोसिस झालेल्या रोग्यांपैकी निम्म्यांच्या आसपास रोग्यांत यांपैकी एक वा अनेक तंतू दुबळे झालेले आढळतात. त्यांत चेहऱ्याचा सातवा आणि दृष्टीचा दुसरा हे प्रमुख. डेन्मार्कचे नेत्रवैद्य ख्रिश्चन हेर्फोर्ड यांनी १९०९ मध्ये ज्या लक्षणसमूहाचे वर्णन केले, त्यात ताप, डोळ्यांचा दाह व कानाजवळील लालाग्रंथींची सूज यांच्या जोडीला चेहऱ्याचा पक्षाघातही होता. तोंड वाकडे होणे ही अवस्था आपल्याला अपरिचित नाही. आयुर्वेदाने तिला ‘अर्दित’ म्हटले आहे. बहुतेक वेळा तिचे कारण सापडत नाही, आणि अशा वेळी आधुनिक वैद्यक तिला चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखते. परंतु एक बाजू बरी होऊन दुसरी वाकडी झाली, किंवा त्याबरोबर एक डोळा फिरेनासा झाला, ऐकू कमी येऊ लागले, तर मुळाशी काही वेगळे आहे असा संशय घ्यावा लागतो.

आणि संशय घ्यायचा म्हटले की भारतात पहिले नाव येते ते क्षयाचे. जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय आणि सारकॉइडोसिस यांचे बाह्य रूप इतके मिळतेजुळते की अनुभवी डोळाही फसावा. दोहोंत छातीतील ग्रंथी सुजतात, दोहोंत ताप येतो, वजन घटते, आणि दोहोंत मेंदूची आवरणे व मज्जातंतू बाधित होऊ शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंत गाठीच दिसतात. फरक एवढाच की क्षयाच्या गाठीत बहुधा मध्यभागी पनीरासारखा भुसभुशीत मृत भाग असतो, सारकॉइडोसिसच्या गाठीत तो सामान्यतः नसतो. आणि क्षयात जंतू सापडण्याची शक्यता असते. या साम्यामुळेच सारकॉइडोसिस हा आपल्या देशात फार विरळ मानला गेला. तो तितका विरळ नाही हे क्रमाक्रमाने उघड झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००१ मध्ये एकशे सहा रोग्यांची लक्षणे व औषधोपचाराचे फलित प्रसिद्ध केले. असा अभ्यास शक्य झाला, कारण त्या रोग्यांची कागदपत्रे नीट ठेवली गेली होती.

दोन रोगांचे उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. सारकॉइडोसिसला स्टेरॉइड देऊन शरीराची खवळलेली यंत्रणा शांत करावयाची. क्षयावर महिनोन्‌महिने जंतुनाशक औषधे द्यावयाची. क्षय असताना त्यावरील औषधांचे पाठबळ न घेता नुसते स्टेरॉइड दिले तर क्षय पसरतो. उलट, सारकॉइडोसिसच्या रोग्याला क्षयाची औषधे चालू केली तर मूळ रोग तसाच वाढत राहतो. शिवाय त्या औषधांत इथॅम्ब्युटॉल नावाचे एक असते, आणि ते काही रोग्यांच्या दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करू शकते. ज्याचा हाच तंतू सारकॉइडोसिसने आधीच दुबळा केला आहे, त्याची दृष्टी आणखी मंदावली तर ती रोगाने की औषधाने? याचे उत्तर कोणत्या तारखेला दृष्टी किती होती, औषध केव्हा सुरू झाले आणि निदान कशावरून झाले, या तीन नोंदींतूनच मिळू शकते. त्या नोंदी नसतील तर उत्तरही नाही.

आता या नोंदी अंकांत कशा बसवितात ते पाहावयाचे. रोगांची नावे निरनिराळ्या देशांत निरनिराळी. त्यांची मोजदाद करावयाची तर सर्वांना मान्य असे एक कोष्टक हवे. फ्रान्सचे ज्याक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांचे असे कोष्टक तयार केले आणि १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात ते स्वीकारले गेले. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि त्यात मृत्यूच्या कारणांबरोबर रोगांचाही समावेश झाला. जागतिक आरोग्य सभेने १९९० मध्ये मान्य केलेली दहावी आवृत्ती भारतातील रुग्णालयांत वापरली जात आली आहे. तिच्यात प्रत्येक रोगाला एक अक्षर व काही अंक यांचा संकेतांक असतो. सारकॉइडोसिसचा संकेतांक डी ८६. फुप्फुसाचा असेल तर डी ८६.०, लसीकाग्रंथींचा असेल तर डी ८६.१, त्वचेचा असेल तर डी ८६.३, आणि ‘इतर व एकत्रित ठिकाणांचा’ असेल तर डी ८६.८.

या शेवटच्या खणातच आपला प्रश्न आहे. डोळा, सांधे, हृदयाचा स्नायू आणि मेंदूतून निघणारे मज्जातंतू या साऱ्यांचा सारकॉइडोसिस डी ८६.८ मध्येच जमा होतो. हे वेगळे ओळखता यावे म्हणून कोष्टककारांनी एक सुंदर युक्ती योजिली आहे. मूळ रोगाच्या अंकापुढे खंजिराचे चिन्ह लावावयाचे आणि त्या रोगाने शरीरात जेथे रूप धारण केले त्या विकाराच्या अंकापुढे तारकेचे. सारकॉइडोसिसमधील अनेक कपाल-मज्जातंतूंच्या पक्षाघाताला तारकांकित अंक आहे जी ५३.२. खंजिराचा अंक पहिला. तारकेचा अंक त्याच्या सोबतीने यावयाचा, एकटा कधीही नाही. एक अंक रोगाचे मूळ सांगतो, दुसरा त्याची फांदी. घाईत केवळ पहिला अंक लिहिला गेला तर सांधे दुखणारा आणि चेहरा वाकडा झालेला असे दोन्ही रोगी आकडेवारीत एकसारखे होतात. दुसऱ्या बाजूने, नुसते ‘चेहऱ्याचा पक्षाघात’ एवढेच लिहिले गेले तर नोंद बेलच्या पक्षाघाताच्या जी ५१.० या अंकाकडे सहज घसरू शकते आणि मूळ रोग दिसेनासा होतो.

हा अंक देणारा बहुधा डॉक्टर नसतो. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागातील प्रशिक्षित कर्मचारी, ज्याला आता सर्रास कोडर म्हणतात, तो डॉक्टरांनी लिहिलेले वाचून अंक देतो. त्याच्या धर्माचे पहिले सूत्र असे की, जे लिहिलेले नाही ते गृहीत धरावयाचे नाही. समजा, गाझियाबादच्या एका रोग्याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे : ‘चेहऱ्याचा पक्षाघात. सारकॉइडोसिस. स्टेरॉइड चालू.’ वाचणाऱ्याला वाटते, संबंध उघड आहे. परंतु कागदावर तीन स्वतंत्र विधाने आहेत. दोन रोग एकाच शरीरात शेजारी असू शकतात. शेजारी असणे म्हणजे कार्यकारण असणे नव्हे. त्याच कार्डावर ‘सारकॉइडोसिसमुळे डावा सातवा आणि उजवा सहावा मज्जातंतू दुर्बळ’ असे लिहिले, तर सारे चित्र पालटते. मराठीत ‘मुळे’ हा केवढा लहान शब्द! पण त्यात ‘मूळ’ दडलेले आहे, आणि खंजिराचा अंक नेमके तेच मागतो. दिल्लीची रुग्णालये इंग्रजीतून लिहितात, तेथे हे काम ‘ड्यू टू’ हे दोन शब्द करतात. कोणता तंतू, कोणती बाजू, एक की अनेक, हेही त्याच ओळीत आले पाहिजे. कारण संकेतांकाच्या नावातच ‘अनेक’ हा शब्द आहे आणि तो ठरविण्याचा अधिकार कोडरला नाही.

कारणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खात्री. मज्जासंस्थेच्या सारकॉइडोसिसच्या निदानासाठी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या. लक्षणे व तपासण्या जुळतात, पण कोठल्याही तुकड्यात गाठ दाखविता आलेली नाही, ही पहिली पायरी ‘शक्य’. छातीतील ग्रंथी किंवा त्वचा अशा अन्य जागेच्या तुकड्यात गाठ सापडली, ही दुसरी ‘संभाव्य’. प्रत्यक्ष मज्जासंस्थेच्या तुकड्यात सापडली, ही तिसरी ‘निश्चित’. मेंदूचा तुकडा काढणे हे सोपे काम नव्हे. म्हणून पुष्कळ रोगी दुसऱ्या पायरीवरच थांबतात, आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे ते पायरी न लिहिणे. याचे कारण दहाव्या आवृत्तीच्या नियमांत आहे. रुग्णालयातील उपचार संपताना मुख्य निदान ‘संशयित’ असेच राहिले आणि अधिक माहिती मिळाली नाही, तर ते निश्चित असल्याप्रमाणे अंक द्यावा, असा नियम आहे. मोजदादीच्या सोयीसाठी तो योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की ‘बहुधा क्षय’ हे अंकात शिरताना ‘क्षय’ होऊन बसते. ‘बहुधा’ला अंक नाही. ती शंका जिवंत ठेवावयाची असेल तर तिला डॉक्टरांच्या वाक्यातच जागा दिली पाहिजे. भारतात क्षयाची सूचना सरकारला देणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, म्हणजे त्या एका शब्दाने रोगी राष्ट्रीय नोंदवहीत दाखल होतो. सारकॉइडोसिसला असली नोंदवही नाही. एक चुकीचा शब्द एका बाजूला भर घालतो आणि दुसऱ्या बाजूला रोग अदृश्य करतो.

राजधानी परिसरात या प्रश्नाला एक चमत्कारिक परिमाण आहे. नोएडा आणि गुरुग्राम येथील उंच इमारतींत कितीतरी तरुण पदवीधर अमेरिकेतील रुग्णालयांच्या कागदपत्रांना अंक देण्याचे काम करतात. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून अंमलात आणले. त्यात खंजीर आणि तारका नाहीत. सारकॉइडोसिसमधील अनेक कपाल-मज्जातंतूंच्या पक्षाघाताला डी ८६.८२ असा एकच अंक आहे, आणि त्याच्या जोडीला जी ५३ लावण्यास मनाई आहे. म्हणजे एकाच रोगाला आपल्या रुग्णालयात दोन अंक लावणे बरोबर आणि रस्त्यापलीकडच्या कार्यालयात तेच चूक! तेथील कोडरला डॉक्टरांचे लिहिणे संदिग्ध वाटले तर तो लेखी प्रश्न पाठवितो. आणि तो प्रश्नही असा विचारावयाचा असतो की त्यातून उत्तर सुचविले जाऊ नये. सरकारी कचेरीत अपुरी फाईल शेरा मारून परत धाडतात, तशीच ही रीत. तिथे पैशाचा हिशेब या अंकावर चालतो, म्हणून ही दक्षता. आपल्याकडेही विम्याच्या प्रमाणित दावा-अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात संकेतांकाचा रकाना आहे. जी दक्षता परदेशी रोग्याच्या कागदाला मिळते, तीच शेजारच्या रोग्याच्या कागदाला मिळावी, ही अपेक्षा काही मोठी नव्हे.

कारण हा शेजारचा रोगी सतत प्रवासात असतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा कायदा १९८५ मध्ये झाला. त्या क्षेत्रात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांचे जिल्हे येतात. मेरठचा रोगी तेथे तोंड वाकडे झाले म्हणून दाखवितो, डोळ्यांसाठी फरीदाबादला नातेवाइकाकडे येतो, छातीच्या तपासणीसाठी दिल्लीत रांगेत उभा राहतो. तीन डॉक्टर एकमेकांना कधी भेटत नाहीत. भेटतात ती त्यांची अक्षरे, रोग्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या अक्षरांत संक्षेपांचा सुळसुळाट असतो. ‘के. सी. ओ.’ म्हणजे रोग आधीपासून ज्ञात आहे, ‘आर. ओ.’ म्हणजे अमुक रोग नाही याची खात्री करून घ्यावयाची आहे. दुसऱ्यातील दोन अक्षरे पुढच्या नकलेत गळली की शंकेचे निदान होते. ‘एन. एस.’ या अक्षरांनी मज्जातंतुतज्ज्ञ न्यूरोसारकॉइडोसिस सुचवील, तर वॉर्डातील परिचारिका त्याचा अर्थ सलाईनची बाटली असा घेईल. पूर्ण शब्द लिहावयास दोन क्षण अधिक लागतात. ते वाचविण्यात शहाणपण नाही.

या कामात पुढे सोयी वाढणार आहेत. रोगकोष्टकाची अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने २०१९ मध्ये स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तिच्यात सारकॉइडोसिसला रक्ताच्या रोगांच्या प्रकरणातून काढून संरक्षक यंत्रणेच्या प्रकरणात ४बी२० हा अंक दिला आहे. मूळ रोग, त्याचे रूप, डावे-उजवे आणि निदान अजून तात्पुरते आहे ही माहिती, असे अनेक अंक एकत्र गुंफता येतात. शंकेलाही अखेर अंक मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. स्नोमेड नावाची अधिक सूक्ष्म वैद्यकीय शब्दावली भारतात २०१४ पासून उपलब्ध आहे आणि तिचे राष्ट्रीय काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतून चालते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल योजनेत प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी आरोग्य-क्रमांक घेऊन आपली कागदपत्रे एका सूत्रात जोडता येतात. परंतु यंत्र जे मिळेल तेच वाहून नेते. कागदावरची चूक त्या कागदाबरोबर जीर्ण तरी होते. संगणकात गेलेली चूक मात्र दर वेळी ताजीतवानी होऊन पुढच्या डॉक्टरांसमोर उभी राहते.

म्हणून प्रश्न अखेर माणसांवर येतो. दिल्लीत यासाठी संस्था आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय स्वास्थ्य आसूचना ब्यूरो देशाची आरोग्यविषयक आकडेवारी संकलित करतो आणि रोगकोष्टकाचे शिक्षण देतो; सफदरजंग रुग्णालयात मेडिकल रेकॉर्डचे कर्मचारी प्रशिक्षण घेत आले आहेत. रुग्णालयाच्या तळघरात फायलींच्या मांडण्यांमध्ये बसणाऱ्या या कर्मचाऱ्याला डॉक्टरांकडे जाऊन ‘यातील कारण कोणते?’ असे विचारण्याचा अधिकार आणि धीर असला पाहिजे. आणि डॉक्टरांनी त्या प्रश्नाला अडथळा न मानता मदत मानले पाहिजे. रोग्यालाही यात वाटा आहे. घरी जाताना कार्ड वाचून घ्यावे. रोगाचे नाव पूर्ण शब्दांत आहे का, कोणत्या तपासणीवरून ते ठरले, ते निश्चित आहे की अजून संशय आहे, आणि आधीचे निदान बदलले असल्यास तसे स्पष्ट लिहिले आहे का, एवढे नम्रपणे विचारावे. तुकड्याच्या तपासणीचा मूळ अहवाल जपून ठेवावा, कारण बाकी सारे मत असते, तो पुरावा असतो.

सारकॉइडोसिसच्या पुष्कळ रोग्यांत चेहऱ्याचा पक्षाघात योग्य उपचाराने सुधारतो. परंतु रोग काही वर्षांनी दुसऱ्या अवयवात डोके वर काढू शकतो, आणि त्या वेळी समोर असणारा डॉक्टर नवा असतो. त्याला आधीच्या डॉक्टरांचे ज्ञान वारशाने मिळावे की त्याने पुन्हा अंधारात चाचपडावे, हे त्या जुन्या कार्डावरील एका ओळीने ठरते. ती ओळ पुरी लिहिण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती फक्त पुढच्या वाचणाऱ्याची जाणीव.